विंगसूटने उडायला शिकायचे असेल तर

विमानातून उडी घेतलेला साधा स्कायडायव्हर पोट जमिनीकडे करून पडत असतो, तेव्हा त्याचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर असतो. त्याच माणसाने दंडापासून कमरेपर्यंत आणि दोन पायांच्या मध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख, म्हणजे विंगसूट, घातला, की हा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो आणि एरवी नुसती खर्ची पडणारी उंची पुढे जाण्याच्या कामी येते. सूट चांगला आणि शरीर सरावलेले असेल, तर एक मीटर खाली येताना अडीच ते तीन मीटर पुढे जाता येते. चार हजार मीटरवरून उडी घेऊन दीड हजार मीटरवर पॅराशूट उघडायचे असेल, तर साध्या उडीत जेमतेम पाऊण मिनिट हाती लागते. विंगसूटमध्ये तेवढ्याच उंचीत दोन मिनिटे सहज मिळतात आणि तेवढ्या वेळात पाच-सहा किलोमीटर अंतर कापले जाते.

पहिल्यांदा उडणाऱ्याला चकित करणारी गोष्ट वेग नसून पडत असल्याची जाणीव नाहीशी होणे ही असते. काखेखालचे पंख समोरच्या फटींतून हवा घेऊन फुगतात, गादीसारखे टणक होतात आणि आपण कशावर तरी टेकलो आहोत असे शरीराला वाटू लागते. एक खांदा बोटभर खाली केला, तरी सगळे शरीर त्या बाजूला वळते. आकाशात तुलना करायला जवळ काही नसल्यामुळे आपण जागच्या जागी तरंगतो आहोत असा भास होतो, आणि बाजूने ढगाची कड सरकन मागे गेली की आपण खरोखर किती वेगात आहोत हे एकदम लक्षात येते. या अनुभवाची ओढ लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्यापायीच माणसे वर्षानुवर्षे शनिवार-रविवार विमानतळाच्या कडेला घालवतात.

मात्र हे सारे एका मोबदल्यात मिळते. सूट घातला की हात आणि पाय कापडाने जोडले जातात. साध्या उडीत ज्या हातांनी पॅराशूट उघडायचे, गुंता झाला तर मुख्य पॅराशूट तोडून राखीव उघडायचे, ज्या पायांनी जमिनीवर धावत उतरायचे, ते सगळे अवयव काही काळ पंखाच्या सेवेत असतात. विंगसूटचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः या बांधलेपणाचे प्रशिक्षण आहे. उडणे त्यामानाने लवकर जमते.

किती अनुभव हवा

अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमानुसार विंगसूटची पहिली उडी घेण्यापूर्वी किमान २०० स्कायडाइव्ह झालेल्या असाव्या लागतात. इतर देशांतही अशा प्रकारची अट असते आणि आपण जिथे शिकणार तिथल्या नियमाची खातरजमा आधी करून घ्यावी. हा आकडा पाहून अनेकांना वाटते की तो उमेदवारांना ताटकळत ठेवण्यासाठी आहे. खरे कारण असे, की विंगसूटमध्ये लक्ष वेधून घेणाऱ्या गोष्टी इतक्या असतात, की उंचीचे भान, दिशेचे भान आणि आणीबाणीतील हालचाली या तीन गोष्टींसाठी डोक्यात वेगळी जागा उरत नाही. त्या आधीच अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. सहा वर्षांत रडतखडत पूर्ण केलेल्या २०० उड्या आणि दीड वर्षात सलग घेतलेल्या २०० उड्या कागदावर सारख्या दिसतात. शरीराच्या लेखी त्या सारख्या नसतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत उडीच मारली नसेल, तर आधी साध्या उड्या घेऊन हात बसवावा आणि मगच सूट अंगावर चढवावा.

या २०० उड्यांमधल्या शेवटच्या काही उड्या विचारपूर्वक वापरता येतात. हात मागे, पाय सरळ, खांदे पुढे गोलावलेले अशा स्थितीत शरीर आडवे पळवण्याच्या ज्या तंत्राला ट्रॅकिंग म्हणतात, त्याचा भरपूर सराव करावा. त्यासाठीचे हवेने फुगणारे ट्रॅकिंग सूट मिळतात आणि त्यांत हात-पाय मोकळेच राहतात. पुढे जाण्याच्या वेगाची, दिशा राखण्याची आणि इतरांच्या वाटेत न येण्याची सवय तिथेच लागते. ज्यांना परवडते आणि जमते त्यांच्यासाठी स्टॉकहोममध्ये खास विंगसूटसाठी बांधलेला तिरपा हवाबोगदा आहे; तिथे प्रशिक्षक शेजारी उभा राहून चूक तिथल्या तिथे दाखवू शकतो. परंतु बोगद्यात उंची संपत नाही, दिशा चुकत नाही आणि पॅराशूटही उघडावे लागत नाही, त्यामुळे बोगद्यात उत्तम उडणारा माणूस आकाशात नवखाच असतो.

प्रशिक्षक निवडताना त्याच्या चित्रफिती पाहण्यापेक्षा तो जमिनीवर किती वेळ देतो ते पाहावे. पहिल्या उडीच्या अभ्यासक्रमात दोन-तीन तास जमिनीवरच गेले पाहिजेत. पंधरा मिनिटांत सूट घालून विमानाकडे नेणाऱ्या माणसाला नम्रपणे नकार द्यावा.

सामग्री: मोठ्या पंखांचा मोह

सूट विकत घेण्याची घाई करू नये. पहिल्या उड्या प्रशिक्षण केंद्राच्या लहान पंखांच्या सूटवर कराव्यात. मोठ्या सूटमध्ये कापड जास्त, उचल जास्त आणि चुकीची शिक्षाही जास्त असते: त्यात हातांना पाठीमागे पोहोचायला अधिक जोर लागतो, आणि गिरकी सुरू झाली तर ती अधिक वेगाने फिरते. अनुभवी लोक वापरतात म्हणून पहिल्याच वर्षी मोठा सूट घेणारा उमेदवार प्रत्येक उड्डाणकेंद्रावर एखादा तरी असतोच. आठवड्याभरात तो पंखांशी झुंजू लागतो आणि त्या झुंजीलाच उड्डाण समजतो.

सूटपेक्षा पॅराशूटचा विचार अधिक करावा. विंगसूटसाठी मुख्य पॅराशूट शांत स्वभावाचे, आकाराने मोठे आणि शक्यतो सात कप्प्यांचे असावे. लंबगोल आकाराची लहान, चपळ पॅराशूट साध्या उडीत मजा देतात. पण विंगसूटमध्ये उघडताना शरीर थोडे जरी तिरपे असले, तरी दोऱ्यांना पीळ पडतो आणि चपळ पॅराशूट त्या पिळासह गरगर फिरू लागते. मोठे, मंद पॅराशूट तोच पीळ निमूटपणे सोसते आणि तो सोडवायला वेळ देते.

पॅराशूट बाहेर खेचणारी जी छोटी छत्री असते, तिला पायलट शूट म्हणतात. उडणाऱ्याच्या पाठीमागे हवेचा घुसळलेला, काहीसा पोकळ पट्टा तयार होतो आणि पंख असल्यामुळे हा पट्टा साध्या उडीतल्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. त्यात सापडलेली छोटी छत्री पाठीमागे नुसती घुटमळत राहते. म्हणून विंगसूटसाठी पायलट शूट थोडे मोठे घेतात आणि ते मुख्य पॅराशूटला जोडणारी पट्टी लांब ठेवतात, म्हणजे ते त्या पट्ट्यापलीकडच्या स्वच्छ हवेत पोहोचते.

ठराविक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र जवळ असलेच पाहिजे, पण त्याच्यावर विसंबण्याची मर्यादा समजून घ्यावी. सामान्य अनुभवी स्कायडायव्हरसाठी बनवलेले यंत्र साधारण २२५ मीटर उंचीवर, खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटरपेक्षा जास्त असेल तरच काम करते. विंगसूटमध्ये पंख भरलेले असताना हा वेग सहसा गाठलाच जात नाही. याचा अर्थ असा, की उंचीचे भान विसरून मजेत उडत राहिलेल्या माणसाला हे यंत्र सुरक्षित समजते आणि गप्प बसते. कानात सूचना देणारे उंचीमापक आणि हाताच्या मनगटावर किंवा छातीवर दिसणारे दुसरे उंचीमापक, अशी दोन्ही साधने म्हणूनच असावीत, आणि दोन्ही बंद पडली तरी जमीन पाहून उंचीचा अंदाज करता यावा.

सामग्रीत स्वतःच्या कल्पनेने बदल करणे टाळावे. आजच्या विंगसूटचा पाया १९९० च्या दशकात फ्रान्सच्या पॅट्रिक द गेयार्दोन यांनी घातला. त्यांच्या हाताखाली पंखांचे कापड जितके आज्ञाधारक होते तितके आजवर कोणाच्याच नसावे, असे म्हटले तरी चालेल. १३ एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांवर त्यांचा मृत्यू झाला तो पंखांमुळे नव्हे. पॅराशूटच्या सामग्रीत त्यांनी स्वतः केलेल्या बदलात चूक राहिली होती. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन ही कंपनी काढून तयार सूट आणि त्यासोबत प्रशिक्षणाची पद्धत आणली, आणि तेव्हापासून हा प्रकार निवडक धाडसी माणसांच्या पलीकडे गेला.

सूट घालताना

या टप्प्याबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण इथे होणारी एक चूक जीवघेणी आहे आणि ती करायला कोणतेही धाडस लागत नाही.

पॅराशूटचे हार्नेस, म्हणजे ते अंगाला बांधणाऱ्या पट्ट्यांचा संच, आधी सूटमध्ये ओवून घ्यावे लागते. मग माणूस सूटमध्ये पाय घालतो, हार्नेस खांद्यावर येते, मांड्यांभोवतीचे पट्टे आवळायचे असतात आणि मग पायांच्या चेन वर ओढायच्या असतात. आता असे समजा, की पट्टे आवळण्याच्या क्षणी कोणीतरी हाक मारली, विमान लवकर निघत असल्याचे सांगितले, आणि आपण चेन ओढून मोकळे झालो. साध्या उडीत मांडीचे पट्टे सैल असतील तर ते लोंबकळताना दिसतात, चालताना जाणवतात. विंगसूटमध्ये ते कापडाखाली झाकले जातात आणि सूट स्वतःच मांड्यांना घट्ट बसत असल्यामुळे पट्टे आवळले आहेत असा शरीराचा समज होतो. पॅराशूट उघडताना बसणाऱ्या झटक्याने असा माणूस हार्नेसमधून निसटू शकतो. या कारणाने अनुभवी माणसांचेही प्राण गेले आहेत.

म्हणून नियम साधा ठेवावा: चेनला हात लावण्यापूर्वी दोन्ही मांड्यांचे पट्टे बोटांनी चाचपायचे, बकलमधून पट्टा परत आला आहे हे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच चेन वर. विमानात बसल्यावर सूटवरून पुन्हा एकदा दाबून पाहायचे. उडीपूर्वी शेवटच्या काही मिनिटांत तिसऱ्यांदा, आणि यावेळी शेजाऱ्याकडून. घालत असताना कोणी मध्येच बोलले, तर बोलणे झाल्यावर राहिलेल्या जागेपासून पुढे न जाता पहिल्यापासून सुरुवात करावी. कोणी हसले तर हसू द्यावे.

त्यानंतर छातीवरचे दोन हँडल, म्हणजे उजवीकडचे मुख्य पॅराशूट तोडण्याचे आणि डावीकडचे राखीव उघडण्याचे, कापडाखाली दबलेले नाहीत ना हे पाहावे. हातांच्या चेन लावलेल्या स्थितीत, पंख ताणलेले असताना, दोन्ही हँडलांपर्यंत हात पोहोचतात का ते जमिनीवर उभे राहून प्रत्यक्ष करून पाहावे. आणीबाणीत चेन उघडण्यात वेळ घालवायचा नसतो. हात कापडासकट आत ओढून थेट हँडल पकडायचे असते. ही हालचाल वीस-पंचवीस वेळा केल्यावर कंटाळा येतो. तो आल्यानंतर आणखी दहा वेळा करावी.

दारातून बाहेर

विंगसूटवाले साधारणपणे सर्वांत शेवटी उडी घेतात, कारण ते सरळ खाली न पडता दूर जाणार असतात आणि मागून येणाऱ्यांच्या वाटेत यायला नकोत. दारात उभे राहिल्यावर पंख पूर्ण मिटलेले असावेत: हात शरीराला चिकटलेले, पाय जवळ. बाहेर पडताक्षणी पंख उघडले, तर विमानाच्या पुढच्या गतीची हवा त्यांत तत्काळ भरते आणि माणूस वर उचलला जाऊन विमानाच्या शेपटीवर आपटू शकतो. म्हणून बाहेर पडल्यावर मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असे मोजून, शेपूट डोक्यावरून निघून गेल्यावर पंख उघडायचे. शेपूट किती खाली आहे हे विमानागणिक बदलते, त्यामुळे नवीन विमानातून पहिली उडी असेल तर ते विमान आधी जमिनीवर उभे असताना पाहून घ्यावे, आणि वैमानिकाला आपण विंगसूटमध्ये आहोत हे सांगून ठेवावे. तो वेग थोडा कमी करू शकतो.

दाराजवळची चूक किती महाग पडते हे फ्रान्सच्या लिओ व्हॅलेंतँ यांच्या बाबतीत दिसले. लाकडी पंख लावून उडणारे ते त्या काळातले सर्वांत नावाजलेले गडी. २१ मे १९५६ रोजी लिव्हरपूलमधील हवाई प्रदर्शनात बाहेर पडताना त्यांचा पंख विमानाला लागून तुटला, त्यांना स्थिर होता आले नाही आणि पॅराशूटही नीट उघडले नाही. आजचे पंख कापडाचे आहेत, मोडत नाहीत. पण दार तेवढेच अरुंद आहे.

हवेतली दोन मिनिटे

पंख उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो: हात जोर लावून ताणतो आणि हनुवटी वर करतो. त्याला वाटते की जितके कापड ताणू तितके जास्त तरंगू. प्रत्यक्षात छाती वर गेल्यामुळे पुढची गती कमी होते, पंख हवा कापायचे सोडून हवेवर नुसते पसरतात आणि खाली येण्याचा वेग वाढतो. हनुवटी किंचित खाली, खांदे पुढे गोलावलेले, गुडघे सरळ, पायाची बोटे ताणलेली, कंबर सपाट. आणि सूटला वेग घेऊ द्यायचा. उचल वेगातून येते, दंडाच्या ताकदीतून येत नाही. पहिल्या दहा उड्यांत खांदे आणि मांड्या भरून येतील, तो जोर लावण्याचा परिणाम असतो. उडणे जमू लागले की दुखणे कमी होते, ही स्वतःची प्रगती मोजण्याची चांगली खूण आहे.

दिशेची आखणी उडीपूर्वी नकाशावर करावी. प्रचलित पद्धत अशी, की विमानाच्या वाटेपासून काटकोनात बाजूला उडत जायचे, पुरेसे दूर गेल्यावर पुन्हा काटकोनात वळून विमानाच्या उलट दिशेने, म्हणजे उतरण्याच्या जागेकडे यायचे. विमानाच्या वाटेखाली आधी उडी घेतलेल्यांची पॅराशूट उघडलेली असतात, तिथे कधीही जायचे नाही. वर वारा कोणत्या दिशेने आणि किती जोरात आहे हे विचारून घ्यावे. ताशी पन्नास किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर आखलेली वाट पूर्ण होण्याआधीच उंची संपते आणि माणूस शेतात उतरतो. शेतात उतरणे ही शरमेची गोष्ट नाही. घराकडे पोहोचण्यासाठी पॅराशूट उशिरा उघडणे ही मात्र धोक्याची गोष्ट आहे.

पहिल्या उडीत निदान तीन वेळा पॅराशूटच्या हँडलला हात लावून परत पंख उघडण्याचा सराव करायचा असतो, आणि माझ्या मते पहिल्या उडीचा खरा हेतू तेवढाच आहे. सुंदर उडण्याचा प्रयत्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

एका बाजूचा पंख जास्त मिटला, पाय वाकडा झाला किंवा घाबरून शरीर आखडले, तर सपाट गिरकी सुरू होऊ शकते. तिच्याशी पंखांनी झगडू नये, कारण पंखच तिला बळ देत असतात. दोन्ही हात आणि पाय मिटायचे, पंखांतील हवा जाऊ द्यायची, कंबर पुढे काढून साध्या उडीची कमान करायची, आणि स्थिर झाल्यावर दोन्ही बाजू एकदम उघडायच्या. हे काही सेकंदांत साधले नाही, किंवा ठरवलेली उंची आली, तर स्थिर होण्याचा नाद सोडून पॅराशूट उघडायचे. जोरात फिरताना रक्त डोक्याकडे आणि पायांकडे फेकले जाते, विचार मंदावतो आणि सेकंद किती गेले ते कळत नाही. म्हणून हा निर्णय हवेत घ्यायचा नसतो. तो जमिनीवर घेऊन यायचा असतो.

पॅराशूट उघडणे

सूटने दिलेला जास्तीचा वेळ खर्च करण्याची सर्वांत योग्य जागा ही. साध्या उडीत पॅराशूट जितक्या उंचीवर उघडतो त्यापेक्षा विंगसूटमध्ये बरेच वर उघडायचे. सुरुवातीच्या उड्यांत ही क्रिया साधारण ५,५०० ते ५,००० फुटांच्या दरम्यान सुरू करायला शिकवतात. हात-पाय बांधलेल्या माणसाला पीळ सोडवायला, चेन उघडायला आणि गरज पडली तर राखीव वापरायला ही उंची लागते. कानातला उंचीमापक त्याच्याही आधी वाजेल असा लावावा.

क्रिया स्वतः दोन-तीन सेकंदांची आहे, पण तिचा प्रत्येक भाग सममित हवा. दोन्ही हात एकाच वेळी, एकाच गतीने पाठीमागे जातात. उजवा हात पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी असलेले हँडल पकडतो आणि डावा हात रिकामाच त्याच्या जोडीला तेवढाच मिटतो. फक्त उजवा गेला तर डावा पंख उघडा राहतो आणि शरीर फिरते. हँडल ओढून पायलट शूट जोराने बाजूला, स्वच्छ हवेत भिरकावायचे. हातातून नुसते सोडून द्यायचे नाही. मग हात परत पंख न उघडता शरीराजवळ, पाय थोडे मिटलेले, खांदे समतल आणि नजर क्षितिजावर. मागे वळून काय होते आहे ते पाहण्याचा मोह होतो. मान वळली की एक खांदा खाली जातो आणि दोऱ्यांना पीळ पडतो.

अमेरिकेचा क्लेम सोन १९३० च्या दशकात वटवाघळासारखे पंख लावून हजारो लोकांसमोर उडत असे. एप्रिल १९३७ मध्ये फ्रान्समधील व्हॅन्सेन येथे त्याचे उड्डाण नेहमीसारखे झाले, आणि नंतर पॅराशूट उघडले नाही. व्हॅलेंतँ, सोन आणि गेयार्दोन या तिघांच्या पंखांचे तंत्र वेगळे, काळ वेगळा, पण तिघांच्याही मरणात पॅराशूटची गाठ आहे.

पॅराशूट उघडल्यावर आधी वर पाहायचे: चौकोनी आहे का, वळते का, थांबते का. मग आजूबाजूला कोणी आहे का ते. त्यानंतर हातांच्या चेन उघडून हात मोकळे करायचे आणि मगच पायांच्या. पायांच्या चेन उघडायला विसरलेला माणूस जमिनीजवळ आल्यावर धावू शकत नाही आणि तोंडावर आपटतो. गंभीर नसते, पण सगळ्यांच्या समोर होते. २३ मे २०१२ रोजी ब्रिटनच्या गॅरी कॉनरी याने ऑक्सफर्डशायरमध्ये सुमारे १८,६०० पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पॅराशूट न वापरता विंगसूटने उतरून दाखवले. त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की कोणीतरी तो विषय काढतोच. कॉनरी व्यावसायिक स्टंटमन होता.

कड्यावरून उडण्याबद्दल

बहुतेकांना या खेळाची ओढ लागते ती डोंगराच्या अंगाला चिकटून, झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या उड्डाणांची दृश्ये पाहून. हा वेगळा खेळ आहे. विमानातून उडणारा चुकला तर त्याच्याकडे उंची असते, दुसरे पॅराशूट असते. कड्यावरून उडणाऱ्याकडे यापैकी काही नसते. कडे, इमारती अशा स्थिर जागांवरून उडी घेण्याच्या खेळात, म्हणजे बेस जंपिंगमध्ये, एकच पॅराशूट असते, कारण दुसरे वापरायला वेळच नसतो.

सुरुवातही उलटी आहे. विमानाच्या दाराबाहेर पहिल्या क्षणापासून हवा असते. कड्याच्या टोकावर वेग शून्य असतो, त्यामुळे पाय सुटल्यावर काही सेकंद पंख नुसते कापड असतात. तेवढा वेळ माणूस दगडासारखा पडतो, आणि त्या काळात त्याचे शरीर ज्या कोनात असेल त्यावर पंख भरल्यावर तो कड्यापासून दूर जाणार की कड्याकडे, हे ठरते.

त्यानंतर येतो उताराचा हिशेब, आणि बहुतेक गफलत इथेच होते. समजा, आपला सूट एक मीटर खाली येताना अडीच मीटर पुढे जातो, आणि समोरचा उतार असा आहे की त्यावरून जेमतेम निघून जाण्यासाठी नेमके तेवढेच पुढे जावे लागेल. कागदावर हे जमते. पण विंगसूटला इंजिन नाही. पूर्ण ताण देऊनच जिथे निसटता येते, तिथे खालच्या दिशेने हवेचा एक झोत आला, पंखाला किंचित सुरकुती पडली किंवा थकलेला पाय वाकला, तर वाढवायला हाती काही शिल्लक नसते. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. पापणी लवते तेवढ्या वेळात पंधरा मीटर सरतात. म्हणून जाणती माणसे आपल्या सूटच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच जास्त तीव्र उतारावरच उडतात, म्हणजे हवे तेव्हा पंख पसरून जमिनीपासून दूर जाता येते. वेग हाताशी ठेवून उडायचे. वेग खर्चून टाकल्यावर उरते ते निव्वळ पडणे.

नावाजलेल्यांनाही यातून सवलत मिळालेली नाही. जेब कॉर्लिस जानेवारी २०१२ मध्ये केपटाउनच्या टेबल माउंटनवर खडकाला पाय लागून जबर जखमी झाला आणि नशिबाने वाचला. डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट मे २०१५ मध्ये अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एकाच उड्डाणात मरण पावले. कड्यातल्या अरुंद भोकातून उडून गेलेला उली इमानुएले आणि अलेक्झांडर पोली हे दोघे ऑगस्ट २०१६ या एकाच महिन्यात गेले. यांतला एकही नवशिका नव्हता, आणि त्यांच्या हजारो यशस्वी सेकंदांच्या चित्रफिती अजूनही लोक पाहतात.

तरीही कोणाला त्या वाटेने जायचेच असेल, तर विमानातून विंगसूटच्या किमान शंभर-दोनशे उड्या, आणि वेगळ्याने, विंगसूटशिवाय, बेस जंपिंगचा दीर्घ अनुभव, या दोन्ही गोष्टी आधी गाठीशी बांधाव्यात आणि पहिली कित्येक उड्डाणे डोंगरापासून शक्य तितकी लांब करावीत. जागेची माहिती स्थानिक उडणाऱ्यांकडून घ्यावी, उताराचे लेझरने मोजलेले आकडे मिळवावेत, आणि सकाळच्या थंड, स्थिर हवेतच निघावे; ऊन तापल्यावर उतारावरून हवा वर-खाली होऊ लागते आणि कड्याच्या आडोशाला भोवरे तयार होतात.

निघताना पाठीवरच्या पिशवीत चांगले बूट, पाणी आणि टॉर्च ठेवावा, आणि वर जातानाच खाली येण्याची पायवाट नीट पाहून घ्यावी. शेवटच्या केबल कारची वेळ लिहून ठेवावी. टोकावर उभे राहिल्यावर वारा आवडला नाही, तर सूट घडी करून चालत उतरायला तीन तास लागतील. ते तीन तास आधीच दिवसात मोकळे ठेवलेले असतील, तर परत फिरणे सोपे जाते.